फुलपाखरू आणि नाकतोडा

जे सुंदर ते चांगले आणि जे कुरूप ते वाईट, ही समजूत मनुष्यजातीइतकीच जुनी असावी. प्राचीन ग्रीक लोकांनी तर सौंदर्य आणि सौजन्य या दोन कल्पनांचा मिळून एकच जोडशब्द बनविला होता, आणि सुंदर शरीरात सुंदर मन वसते असे मानण्याकडे त्यांचा कल होता. आपल्याकडील कथापुराणांतही काही ठळक अपवाद वगळल्यास देव तेजस्वी व राक्षस विक्राळ असेच वर्णिलेले आढळतात. तर्कशास्त्राच्या वर्गात कोणी हे मत मांडले, तर ते खोडून काढावयास फारसा वेळ लागणार नाही. परंतु वर्गात हरलेले मत व्यवहारातही हरतेच असे नाही. ते मुकाट्याने भाषेत जाऊन बसते आणि तेथून आपल्या निर्णयांवर अंमल चालविते. मराठीत उनाड गुंडांच्या टोळक्याला आपण 'टोळभैरव' म्हणतो, लुटारूंच्या झुंडीला 'टोळधाड' म्हणतो. उलट एखाद्या चंचल मुलीला 'फुलपाखरू' म्हणतो तेव्हा त्या ठपक्यातही कौतुकाची छटा असते. एका कीटकाच्या नावाने शिवी व्हावी आणि दुसऱ्याच्या नावाने लाड व्हावेत, असा भेद या दोघांच्या आचरणात खरोखर आहे काय, हा प्रश्न आम्ही येथे विचारात घेणार आहोत. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता आपण कीटकांपासून बरेच दूर, माणसांच्या वस्तीत जाऊन पोहोचतो, असा आमचा अनुभव आहे.

असले प्रश्न हवेत तरंगत ठेवण्यापेक्षा एखाद्या झुडपावर आणून बसविणे बरे. त्यासाठी फार लांब जावयास नको. तेरणा-मांजरेच्या खोऱ्यातील निलंग्याच्या भोवतालचा मुलूख काळ्या मातीचा. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांचा. बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीच्या आडोशाला, जेथे दुसरे काही रुजत नाही तेथे रुई उगवलेली असते. पावसाने दगा दिला तरी रुई हिरवीच असते, आणि भुकेली जनावरेही सहसा तिला तोंड लावीत नाहीत. कारण तिचे पान तोडताच जो पांढरा चीक गळतो, त्यात हृदयाची क्रिया बिघडविणारे तीव्र विष असते. या झाडाकडे पाहण्याची आपली दृष्टीही दुहेरी आहे. शनिवारी मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ पडते, रथसप्तमीच्या स्नानाला रुईचीच पाने लागतात. आणि तरीही अंगणात कोणी हौसेने रुई लावीत नाही. या रुईवर दोन कीटक नेमाने आढळतात. एक फुलपाखरू, दुसरा नाकतोडा. दोघेही तिच्यावर वाढतात, दोघेही तिचे विष पचवितात. एकाच अन्नावर पोसलेले हे दोन जीव आमच्या प्रश्नासाठी जणू मुद्दाम एकत्र आणून ठेवले आहेत.

प्रथम फुलपाखराकडे पाहू. इंग्रजीत याला 'प्लेन टायगर' म्हणतात. शास्त्रीय नाव 'डॅनाउस क्रिसिपस'. लिनियसने 1758 साली आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. पंखांचा रंग तांबूस नारिंगी, पुढील पंखांची टोके काळी आणि त्या काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा तिरपा पट्टा. त्याचे उडणे संथ असते; आपणास कोणी खाईल अशी धास्ती त्याला वाटत नसावी, असा त्याचा थाट असतो. मादी रुईच्या पानाच्या खालच्या अंगास एकेक अंडे घालते. त्यातून जी अळी निघते ती पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांची असते आणि तिच्या पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. ही अळी प्रथम स्वतःच्या अंड्याचे कवच खाते आणि मग पाने. दोन आठवड्यांच्या सुमारास खाणे हेच तिचे आयुष्य. पाने खावी, कात टाकावी आणि पुन्हा खावे. नंतर ती उलटी लटकते, तिचा गुळगुळीत हिरवा किंवा गुलाबीसर कोश होतो, आणि काही दिवसांनी त्यातून नारिंगी पंखांचा जीव बाहेर येतो, ज्याला पान कुरतडण्यासाठी तोंडच उरलेले नसते. त्याला आता फक्त मध शोषण्याची नळी असते.

दुसरा जीव नाकतोडा. शास्त्रीय नाव 'पोएकिलोसेरस पिक्टस'. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'रंगविलेला' असा आहे. फॅब्रिशियस या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने 1775 मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या अंगावर निळसर हिरव्या व पिवळ्या रंगाचे पट्टे एकाआड एक असतात; वरचे पंख हिरवट व ठिपकेदार, खालचे फिकट तांबडे. निव्वळ रंगाचाच हिशेब केला तर तो फुलपाखराहून रतिभरही उणा नाही. मादी आपले पोट जमिनीत खुपसून अंड्यांचा पुंजका मातीत ठेवते. त्यातून निघालेली पिल्ले जन्मतःच आईबापांच्या वळणाची असतात. पंख तेवढे नसतात. ती रुई खातात, कात टाकतात, थोडी मोठी होतात, पुन्हा रुई खातात. पंखांचे कोंब हळूहळू वाढत जातात, आणि अखेरच्या कातीनंतर ते पुरे होतात. पण तोंड पहिल्या दिवशी होते तेच राहते, आणि अन्नही तेच. अर्धवट वाढलेल्या पिल्लाला चिमटीत धरले तर ते पाठीवरून द्रवाची चिळकांडी मारते. रुई अपुरी पडली म्हणजे हा जीव इतर झाडांवरही जातो, आणि तेव्हा माणसाचे लक्ष त्याच्याकडे वळते.

या दोघांचे साम्य वरवरचे नाही. रुईच्या चिकातील विष पेशींतील एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते. ते प्रथिन यत्किंचित बदलले तर विषाची पकड सुटते. आणि हा बदल फुलपाखरांच्या कुळात व नाकतोड्यांच्या कुळात एकमेकांवाचून, स्वतंत्रपणे घडून आला आहे, असे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे. या दोन कुळांचे पूर्वज एकमेकांपासून विभक्त झाले त्याला तीस कोटींहून अधिक वर्षे लोटली. इतके दूरचे हे भाऊबंद एकाच विषाच्या ताटावर येऊन बसले आणि दोघांनीही ते विष अंगी साठवून त्याचे चिलखत केले. आपल्या नाकतोड्याचा एक चुलतभाऊ अरबस्तानाच्या व पूर्व आफ्रिकेच्या बाजूस राहतो. तो हे विष शरीरात साठवितो हे 1967 साली सिद्ध झाले. फुलपाखराविषयी मात्र एक गमतीची गोष्ट आढळली आहे. या जातीची सगळीच पाखरे सारखी विषारी नसतात. काहींच्या अंगी विष पुष्कळ, काहींच्या अंगी नाममात्र. सर्वांचा पोशाख मात्र एक, आणि त्या पोशाखाच्या धाकावर सर्व जण निभावून जातात. भडक रंग हा भक्षकाला दिलेला इशारा असतो, हा विचार अळ्यांच्या रंगाबद्दल डार्विनने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात वॉलेसने 1867 मध्ये सुचविला होता. त्या इशाऱ्याची किंमत ओळखून एका निराळ्या, बिनविषारी फुलपाखराच्या मादीने तर प्लेन टायगरचे हुबेहूब सोंगच घेतले आहे. सारांश, ज्या रंगावर आपण लुब्ध होतो तो आपल्यासाठी नाहीच. तो पक्ष्यांना दिलेला दम आहे, आणि क्वचित पोकळ दमही आहे.

निलंग्यात नीलकंठेश्वराचे पुरातन दगडी मंदिर आहे. हालाहल कंठात धारण करून ज्याने जगाला वाचविले, त्या देवाचे ते नाव. विष पचविणे ही आपल्या परंपरेत केवढी थोर गोष्ट मानली गेली आहे, हे त्या एका नावावरून कळते. आता त्याच गावच्या शिवेवर, रुईच्या पानावर, निळ्या अंगाचा एक जीव जन्मभर विष पचवीत बसलेला असतो. त्याला मात्र आपण नाकतोडा म्हणतो आणि पोरे त्याला काडीने डिवचतात. शेजारच्या फांदीवरून नारिंगी पंख हलताच तीच पोरे हरखून जातात. नाकतोड्याची पूजा करावी असे आमचे म्हणणे नाही. किडा विष पचवितो तो जगासाठी नव्हे, पोटासाठी पचवितो. पण फुलपाखरूही पोटासाठीच पचविते. कृती एक, हेतू एक, निकाल मात्र दोन. ही विसंगती कोठून आली, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

रंगामुळे म्हणावे, तर रंग दोघांनाही आहे. उपयोगामुळे म्हणावे, तर फुलपाखरू रुईचे फार काही देणे फेडते असेही नाही. रुईच्या फुलांचे परागण मुख्यत्वे मोठे काळे भुंगे करतात. उपद्रवामुळे म्हणावे, तर पाने दोघेही खातात. आमच्या मते खरे कारण निराळेच आहे. फुलपाखराचे अधाशीपण एका नावाखाली मोडते आणि त्याचे सौंदर्य दुसऱ्या नावाखाली. पाने खाते ती 'अळी'. फुलांवर बसते ते 'फुलपाखरू'. अळी दिसली की आपण ती झटकून टाकतो, आणि फुलपाखरू दिसले की मुलांना हाक मारतो. नाकतोड्याला ही सोय नाही. तो लहानपणी खातो तेव्हाही नाकतोडा आणि मोठेपणी खातो तेव्हाही नाकतोडा. त्याच्या आयुष्यात कोशाचा पडदा पडत नाही, म्हणून त्याला नवे नावही मिळत नाही. जे काही तो करतो ते सर्व एकाच खात्यावर जमा होते.

अळी आणि फुलपाखरू हा एकच जीव आहे, हे आज शाळेतील मूलही जाणते. परंतु युरोपातील विद्वानांना देखील हे नीट उमगावयास सतराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. अळी मरते आणि तिच्या नाशातून एक नवा जीव उत्पन्न होतो, असे अनेकांस वाटे. यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने कीटकांवरील आपला ग्रंथ 1669 साली प्रसिद्ध केला, आणि पूर्ण वाढलेल्या अळीच्या कातडीखाली फुलपाखराच्या अवयवांची घडी आधीपासूनच असते हे छेदून दाखविले. मृत्यू नाही, पुनर्जन्म नाही; एकच प्राणी अंगरखा बदलतो. पुढे दहा वर्षांनी मारिया सिबिला मेरियन हिने अळी, कोश, पाखरू आणि त्यांचे अन्नझाड ही चारही एकाच चित्रात काढण्याचा प्रघात आपल्या ग्रंथात पाडला. आमच्या दृष्टीने त्या चित्रांत शास्त्राइतकेच नीतीचेही शिक्षण आहे. फुलपाखराचे चित्र कुरतडलेल्या पानासकट काढले, म्हणजे ते पुरे झाले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे. कोणाला गुलाब आवडतो, कोणाला मोगरा. फुलपाखरू पाहून मन प्रसन्न होते आणि नाकतोडा पाहून होत नाही, यात अन्याय कोणावर झाला? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, पण अर्धाच. आवड ही स्वतंत्र आहे. तिच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही, आणि चालूही नये. परंतु आवड आणि निवाडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'मला हे आवडत नाही' या वाक्यात बोलणारा स्वतःविषयी बोलतो; 'हे वाईट आहे' या वाक्यात तो दुसऱ्याविषयी बोलतो, आणि तेथून पुरावा देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. दुर्दैव असे की पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर मन केव्हा घसरते ते कळतही नाही. इसापाच्या मुंगीच्या गोष्टीत आळशी गवय्याचे पात्र मुळात सिकाडा या कीटकाचे होते. इंग्रजी भाषांतरांतून ते नाकतोड्याच्या गळ्यात पडले, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याला आळशी ठरविले. त्यांतील एकानेही तो किती वेळ काम करतो हे पाहिले नव्हते.

या बाबतीत शेतकऱ्याची दृष्टी कवीच्या दृष्टीहून अधिक न्यायी आहे, असे आम्ही मानतो. निलंग्याच्या शेतकऱ्याला विचारा. तो पाखरांच्या रंगाला भुलत नाही. हरभऱ्याच्या घाट्यांत व तुरीच्या शेंगांत शिरणारी घाटे अळी त्याला पुरती ठाऊक असते, आणि संध्याकाळी दिव्याभोवती घिरट्या घालणारा लहानसा पतंग हा तिचाच आईबाप आहे हेही त्याला ठाऊक असते. म्हणून तो अळीबरोबर पतंगाचाही बंदोबस्त करतो. बांधावरच्या रुईवरील नाकतोडा पिकात येत नाही तोवर तो त्याच्या वाटेस जात नाही. आला तर गय करीत नाही. तो प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारतो: याने माझ्या पिकाचे काय केले? या प्रश्नात स्वार्थ आहे हे खरे. पण तो स्वार्थ कृतीवर बोट ठेवतो, रूपावर किंवा नावावर नव्हे. निवाड्याचा पहिला गुण तो हाच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कीटकांच्या गोष्टीवरून माणसांविषयी सिद्धांत काढणे धोक्याचे आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. मनुष्य हा नाकतोडा नव्हे आणि फुलपाखरूही नव्हे. त्याला इच्छा आहे, विवेक आहे, पश्चात्ताप आहे. पण हा धोका पत्करणारे पहिले आम्ही नाही. तो येथील सरकारने कायद्यानेच पत्करला होता. 1871 साली हिंदुस्थानात 'गुन्हेगार जमातींचा कायदा' झाला. त्यामागील युक्तिवाद थोडक्यात असा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, त्याच न्यायाने काही जमातींत चोराचा मुलगा चोरच होणार. प्राण्यांच्या जाती जशा ठरलेल्या, तशा माणसांच्याही ठरलेल्या. मग त्या जमातींची नोंदणी झाली, हजेरी लागू झाली, गाव सोडावयास परवाना लागू लागला. पुढे सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. ज्याने अद्याप काहीच केले नव्हते अशा मुलाच्या नावापुढेही त्याच्या जमातीचे नाव पुरावा म्हणून लिहिले गेले. निलंगा त्या काळी निजामाच्या राज्यात होते. पण सरहद्दीच्या या बाजूसही लोकमताचा कायदा फारसा निराळा नव्हता.

गंमत अशी की, जो सिद्धांत माणसांना लावण्यात आला तो खुद्द टोळांनाही लागू पडत नाही, हे त्यानंतर बरोबर 50 वर्षांनी सिद्ध झाले. एकटा राहणारा निरुपद्रवी हिरवट नाकतोडा आणि थव्याने येऊन मुलूख उजाड करणारा काळपट टोळ या दोन निरनिराळ्या जाती आहेत, अशीच शास्त्रज्ञांची समजूत होती. त्यांना नावेही दोन होती. बोरिस उवारोव्ह या मूळच्या रशियन कीटकशास्त्रज्ञाने 1921 साली दाखवून दिले की, या दोन जाती नसून एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत. चारा आटला, उरलेल्या तुकड्यावर गर्दी झाली, अंगाला अंग घासू लागले, की तोच जीव रंग बदलतो, स्वभाव बदलतो आणि थव्यात सामील होतो. वाळवंटी टोळांवर पुढे झालेल्या प्रयोगांत तर असे आढळले की, मागील पायांना सारखा स्पर्श होत राहिला तर हा पालट काही तासांतच सुरू होतो. त्यामागे मज्जासंस्थेतील सेरोटोनिन हे द्रव्य असते, हे 2009 मध्ये कळले. म्हणजे टोळ हा जन्माने टोळ नसतो. परिस्थिती त्याला टोळ करते, आणि परिस्थिती सुधारली तर पुढील पिढ्या पुन्हा एकांतवासी होतात. 2020 च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची भीषण वर्णने छापली. हा मुद्दा त्या वर्णनांत क्वचितच डोकावला. किड्याच्या बाबतीतही 'रक्तातच आहे' हे उत्तर चुकीचे ठरले होते. तरी माणसांच्या बाबतीत तो कायदा 1924 मध्ये, म्हणजे उवारोव्हच्या शोधानंतर तीन वर्षांनी, पुन्हा एकवार एकत्रित करून मजबूत करण्यात आला.

स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण विमुक्त या शब्दाकडे नीट पाहावे. 'पूर्वी बांधलेला' ही आठवण तो शब्द पोटात घेऊनच फिरतो. कायद्याने साखळी काढली. नावाने तिचा वळ ठेवला. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे पुढे प्रांतोप्रांती आले, मुंबई राज्यात तो 1959 मध्ये झाला, आणि गावात चोरी झाली की पहिली नजर ज्या पालांकडे वळावयाची त्यांच्याकडेच वळत राहिली. याच लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी आपले आत्मकथन 1987 साली प्रसिद्ध केले. समाजाने त्यांच्या जमातीला जे नाव शिवीसारखे दिले होते, तेच 'उचल्या' हे नाव त्यांनी ग्रंथाला दिले. दुसऱ्या वर्षी त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. लेखक, कार्यकर्ता अशी नावे हाती असताना त्यांनी ग्रंथासाठी तेच जुने नाव निवडले. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की, माझ्या पूर्वावस्थेला तुम्ही ज्या नावाने हाक मारीत होता, त्याच नावाने आता माझे सगळे आयुष्य वाचा. एकच जीव आहे. निवाडा करावयाचा तर सर्व पाने उलटून करा.

उलट बाजूही पाहिली पाहिजे, नाही तर आमचा विचार एकांगी होईल. समाजात कोशाची सोय असलेली माणसेही पुष्कळ असतात. आजोबांनी दुष्काळात गहाणखते लिहून घेतली आणि शेताला शेत जोडले. वडिलांनी त्या जमिनीवर वाडा बांधला. नातवाने त्या उत्पन्नातून एखाद्या शाळेला खोली बांधून दिली. खोलीवरच्या पाटीवर नाव नातवाचे, आणि विशेषण 'दानशूर'. तिसऱ्या पिढीचे पंख पाहून पहिल्या पिढीची कुरतडलेली पाने कोणी मोजीत नाही. मोजावयास निघाले तर ते असभ्यपणाचे ठरते. दोन पिढ्यांचा काळ हाच तेथे कोश होतो. नातवाचे दान खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आजोबांच्या पापासाठी त्याला दंड करा असेही म्हणत नाही. आम्ही एवढेच विचारतो की, ज्या उदारपणाने आपण त्याच्या घराण्याचा भूतकाळ विसरतो, तो उदारपणा पालात जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला का येत नाही? आणि ज्या कठोरपणाने आपण त्या मुलाच्या आजोबाची आठवण ठेवतो, ती आठवण वाड्याच्या बाबतीत का बुजते?

मग न्याय म्हणजे काय? सर्वांचा भूतकाळ विसरणे, की सर्वांचा लक्षात ठेवणे? दोन्ही उत्तरांत अडचण आहे. सर्वच विसरले तर ज्यांचे नुकसान झाले त्यांना दाद मागण्याची जागा उरत नाही. सर्वच लक्षात ठेवले तर कोणालाही बदलण्याची आशा उरत नाही. आमच्या मते न्यायाचे गमक स्मरणाच्या लांबीत नसून त्या लांबीच्या समानतेत आहे. ज्या गजाने एकाचे आयुष्य मोजले, त्याच गजाने दुसऱ्याचे मोजावे. एकाला त्याच्या शेवटच्या अवस्थेवरून जोखावयाचे असेल, तर दुसऱ्यालाही तसेच जोखावे. आणि दुसऱ्याचे सगळे आयुष्य काढावयाचे असेल, तर पहिल्याच्या कोशाआडही डोकवावे. या दोहोंपैकी कोणता गज घ्यावा यावर सज्जनांत मतभेद होऊ शकेल. पण माणूस पाहून गज बदलणे, हे मात्र कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही.

जो बाहेरून मोजतो त्याचे कर्तव्य हे. ज्याला पंख फुटले आहेत त्याचेही एक कर्तव्य आहे. अळीला शिकविलेली गोष्ट कोशातून बाहेर आल्यावर टिकते काय, याचा प्रयोग अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठात झाला आणि तो 2008 साली प्रसिद्ध झाला. तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास देऊन त्याबरोबर विजेचा सौम्य झटका देण्यात आला, आणि त्या वासापासून दूर जावयास शिकविण्यात आले. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात जिला हे शिकविले होते, त्या अळीचा पतंग झाल्यावरही तो त्या वासापासून दूर जात होता. शरीराचा जवळजवळ सर्व साचा मोडून पुन्हा घडला, तरी आठवण उरली होती. फार लहानपणी दिलेले शिक्षण मात्र टिकले नाही. पतंगाला ही आठवण नको असती तरी टाकता आली नसती. माणसाला ती टाकता येते. किंबहुना प्रतिष्ठा मिळाली म्हणजे प्रथम तीच टाकली जाते. आपण कोणाच्या पानांवर वाढलो हे लक्षात ठेवणे माणसाच्या खुषीवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच ते नीतीच्या कक्षेत येते.

तेव्हा फुलपाखरू व नाकतोडा यांची तुलना करून आम्ही कोणाला श्रेष्ठ ठरविले, असे जर कोणी विचारील तर त्याचे उत्तर असे की, कोणालाच नाही. निसर्गाच्या दरबारात दोघेही निर्दोष आहेत, कारण तेथे दोषाचा प्रश्नच उद्भवत नाही. दोष किंवा गुण जन्मास येतो तो पाहणाऱ्याच्या निवाड्यात. फुलपाखरू आवडावे, खुशाल आवडावे. मुलांना हाक मारून ते दाखवावे, आणि जमल्यास त्याच फांदीवरील अळीही दाखवावी. पण उद्या सरपंच म्हणून, पंच म्हणून, शिक्षक म्हणून किंवा केवळ शेजारी म्हणून एखाद्या माणसाविषयी मत देण्याची पाळी आली, तर तोंड उघडण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत: मी याला त्याच्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर पाहत आहे, आणि याला जे नाव मी देत आहे ते त्याच्या कृतीवरून दिले आहे की मला वारशाने मिळाले आहे? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली तर पुष्कळ निवाडे देण्याचे आपण लांबणीवर टाकू. ज्यांच्यावर ते निवाडे पडणार होते, त्यांना तेवढा अवधी आजवर फारसा कोणी दिलेला नाही.